सीटबेल्ट: शोध आणि सवय

एखादा शोध लागणे आणि तो अंगवळणी पडणे यांत किती अंतर असू शकते, हे मोटारीतल्या सीटबेल्टच्या इतिहासावरून कळते. व्होल्वो या स्वीडिश कंपनीतील अभियंते निल्स बोलिन पूर्वी साब कंपनीत, संकटकाळी वैमानिकाला विमानाबाहेर फेकणाऱ्या आसनांवर काम करीत. १९५८ साली ते व्होल्वोत आले आणि १९५९ मध्येच तीन ठिकाणी जखडलेला त्यांचा पट्टा गाडीत बसला. कमरेवरचा आणि छातीवरचा असे दोन्ही पट्टे आसनाशेजारी खाली एकत्र येतात व एका हाताने लावता येतात, ही त्यातली कल्पकता. धडकेचा भार पोटाच्या मऊ भागाऐवजी कमरेच्या आणि छातीच्या हाडांवर पडतो. म्हणूनच खालचा पट्टा पोटावर सरकू देऊ नये आणि वरचा काखेखालून घेऊ नये. कंपनीने पेटंट इतर उत्पादकांनाही खुले ठेवले.

तरीही गाडीत असलेला पट्टा अंगावर येईना. १९७० साली ऑस्ट्रेलियातील व्हिक्टोरिया राज्याने तो लावण्याची सक्ती केली. पट्टा लावल्याखेरीज सुरूच न होणाऱ्या १९७४ सालच्या गाड्यांवर अमेरिकेत इतका रोष उसळला, की काँग्रेसने त्याच वर्षी ती सक्ती मोडीत काढली. ब्रिटनमध्ये पुढच्या आसनांसाठी सक्ती यायला १९८३ उजाडले.

आपल्याकडे ४ सप्टेंबर २०२२ रोजी पालघर जिल्ह्यात सूर्या नदीच्या पुलावर झालेल्या अपघातात उद्योगपती सायरस मिस्त्री आणि त्यांचे एक सहप्रवासी दगावले. दोघे मागच्या आसनावर होते आणि त्यांनी पट्टे लावले नव्हते, असे पोलिसांनी सांगितले. मागच्या प्रवाशांसाठीचा नियम तेव्हाही पुस्तकात होताच.

पट्ट्याला निदान नाव तरी नेमके मिळाले. आसनावरच्या उशीच्या वाट्याला तेही आले नाही. अमेरिकेत १ जानेवारी १९६९ पासूनच्या नव्या मोटारींत ती पुढच्या आसनांवर सक्तीची झाली, तेव्हा कायद्याने तिला 'हेड रिस्ट्रेन्ट', म्हणजे डोके रोखून धरणारी वस्तू म्हटले. व्यवहारात मात्र 'हेडरेस्ट' रूढ झाले आणि रोखण्याच्या जागी विश्रांतीचा अर्थ आला. मागून धडक बसली की आसन धडाला पुढे ढकलते, डोके मागे राहते आणि ताण मानेवर येतो. विसाव्यासाठी मानेपर्यंत खाली ओढलेली उशी ते डोके रोखू शकत नाही. तिची वरची कड डोक्याच्या माथ्याइतकी उंच हवी आणि डोक्यामागचे अंतर शक्य तितके कमी.

पट्टा लावला आहे की नाही हे पोलिसाला काचेतून दिसते. उशीची उंची कोणी तपासत नाही. ती बसणाऱ्यानेच, गाडी सुरू होण्यापूर्वी, पाहायची असते.