दृष्टीच्या प्रश्नावलीची कुळकथा

दृष्टी अधू झाल्यावर माणसाचे रोजचे जगणे किती अडते, हे मोजणाऱ्या प्रश्नावल्या नेत्रवैद्यकात बऱ्याच उशिरा आल्या. त्याआधी शंभराहून अधिक वर्षे सारा भार अक्षरांच्या तक्त्यावर होता. हॉलंडमधील उट्रेख्टचे डॉक्टर हेर्मान स्नेलेन यांनी 1862 मध्ये तो तयार केला. निरोगी डोळ्याला 60 मीटरवरून वाचता येणारे अक्षर ज्याला 6 मीटरवर आल्यावरच दिसते, त्याची नजर 6/60. भारतात 1976 मध्ये अंधत्व नियंत्रणाचा राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला तोही याच आकड्यांवर. या कार्यक्रमातील अंधत्वाची मर्यादा 2017 मध्ये 6/60 वरून 3/60 वर आणण्यात आली.

तक्ता सोपा आणि स्वस्त आहे. त्याच्याशिवाय नेत्रशिबिर चालायचे नाही. पण त्यावरची अक्षरे ठळक काळी असतात आणि पार्श्वभूमी पांढरी. कर्जत स्थानकाजवळच्या भिसेगावाच्या परिसरात मोतीबिंदू झालेली एखादी शेतकरी बाई ती अक्षरे बऱ्यापैकी वाचेल, आणि तरीही भर उन्हात बांधावरून चालताना तिचे डोळे दिपतील. संध्याकाळी समोरून गाडी आली की दिव्याभोवती किरणे फुटून रस्ताच दिसेनासा होईल. ही अडचण 6/18 सारख्या आकड्यात उमटत नाही.

अमेरिकेत 1994 मध्ये मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी ‘व्हीएफ-14’ ही 14 प्रश्नांची प्रश्नावली आली. बारीक छपाई वाचता येते का, पायरी दिसते का, माणसे ओळखू येतात का, असे तिचे प्रश्न. पुढे तिथल्याच राष्ट्रीय नेत्रसंस्थेने आधी 51 आणि नंतर 25 प्रश्नांची प्रश्नावली काढली. या सर्वांत दिवसा आणि रात्री मोटार चालवण्याबद्दल विचारणा होती. ‘व्हीएफ-14’मध्ये तर धनादेश लिहिणे आणि पत्त्यांचे खेळही होते. ज्या बाईने कधी धनादेश लिहिला नाही, तिच्या उत्तरावरून तिच्या नजरेबद्दल काही कळत नाही. दुसऱ्या समाजाच्या दिनक्रमावर बेतलेल्या प्रश्नांनी इथले दुःख मोजले, तर ते कमीच भरते, ही या पद्धतीची खरी खोट होती.

भारतातील प्रयत्नांची सुरुवात मदुराईत झाली. अरविंद नेत्र रुग्णालयातील मोतीबिंदूच्या रुग्णांसाठी अ‍ॅस्ट्रिड फ्लेचर आणि सहकाऱ्यांनी तयार केलेली प्रश्नावली 1997 मध्ये प्रसिद्ध झाली. त्यानंतरची ‘इंडियन व्हिजन फंक्शन प्रश्नावली’ 2005 ची. दिल्लीच्या एम्सचे जी. व्ही. एस. मूर्ती, अरविंदचे आर. डी. तुलसीराज आणि लंडनच्या फ्लेचर हे तिच्या कर्त्यांपैकी. तिची घडण मुळापासून पाहण्याजोगी आहे. आधी स्त्री-पुरुष रुग्णांच्या गटचर्चा घेतल्या, त्यांच्या तोंडून आलेल्या अडचणींतून प्रश्न बांधले, मग प्रत्यक्ष वापरून निरुपयोगी प्रश्न गाळले. शेवटी 33 उरले: 21 रोजच्या कामांचे, 5 मनाच्या आणि समाजातल्या वावराच्या त्रासाचे, 7 डोळ्यांच्या लक्षणांचे.

रस्त्यातले खड्डे, वाटेत आलेली जनावरे, बसची पायरी, कुलूप उघडणे, अन्नात पडलेली वस्तू, भांड्यात ओतताना पातळी, उन्हातून घरात शिरल्यावर येणारी अंधारी हे सगळे तिच्यात आहे. कामांविषयीच्या उत्तरांची पायरी ‘मुळीच त्रास नाही’पासून ‘नजरेमुळे करताच येत नाही’पर्यंत जाते. आपण घरावर ओझे झालो असे वाटते का, दिसत नाही याची लाज वाटते का, हेही विचारले जाते. मनाच्या आणि वावराच्या त्रासाचे हे पाच प्रश्न सर्वांत मोलाचे. लग्नकार्याला जाणे टाळणाऱ्या माणसाची व्यथा दुसऱ्या कोणत्या तपासणीत नोंदली जाणार?

मुलांचे जग वेगळे. हैदराबादच्या एल. व्ही. प्रसाद नेत्र संस्थेतील विजया गोठवाल आणि सहकाऱ्यांनी 2003 मध्ये शाळकरी मुलांसाठी 19 प्रश्नांची प्रश्नावली केली. फळा वाचणे, सुईत दोरा ओवणे, एक आणि दोन रुपयांची नाणी वेगळी ओळखणे अशी कामे त्यात येतात, आणि मित्रांच्या तुलनेत आपली नजर कशी वाटते हेही मूलच सांगते.

उत्तरांची नुसती बेरीज करणे मात्र पुरेसे नव्हते. सुई ओवणे आणि दार शोधणे ही कामे सारख्या अवघडपणाची नाहीत. डॅनिश गणिती गेओर्ग राश यांनी 1960 मध्ये मांडलेल्या पद्धतीने कामाचा अवघडपणा आणि माणसाची क्षमता एकाच मापपट्टीवर आणता येते; गोठवाल यांच्या प्रश्नावलीची पारखही त्याच पद्धतीने झाली. शस्त्रक्रियेआधी आणि नंतर तीच प्रश्नावली भरून घेतली की जगण्यात पडलेला फरक तक्त्यावरच्या फरकाशेजारी ठेवून पाहता येतो.