वीरनारायण वाचला असता तर... : गढा-मंडला राज्याची बदललेली वारसपरंपरा

जबलपूर शहराच्या जुन्या बाजारपेठेतील कमानिया गेट ही वास्तू १९३९ च्या त्रिपुरी काँग्रेस अधिवेशनाची आठवण म्हणून ओळखली जाते. काँग्रेसच्या या ५२ व्या अधिवेशनाच्या वेळी आजारी अध्यक्ष सुभाषचंद्र बोस यांच्या प्रतिमेची ५२ हत्तींसह मिरवणूक काढण्यात आली होती. या परिसरात ५२ हा आकडा आणखी एका कारणाने परिचित आहे. येथील गोंड राजा संग्रामशाह याच्या गढा-मंडला राज्यात ५२ गड होते, असे परंपरा सांगते. या राज्याची वारसपरंपरा १६ व्या शतकात दोन अकाली मृत्यूंमुळे बदलली.

पहिला मृत्यू दलपतशाह याचा. संग्रामशाहच्या या पुत्राचा विवाह चंदेल राजकन्या दुर्गावती हिच्याशी झाला होता. सुमारे १५५० मध्ये दलपतशाहचे निधन झाले, तेव्हा पुत्र वीरनारायण जेमतेम पाच वर्षांचा होता. त्याच्या नावाने राणीने सुमारे चौदा वर्षे कारभार केला. माळव्याच्या बाजबहादूरचे आक्रमण तिने परतवून लावले. जबलपुरातील राणीताल आणि तिचा दिवाण आधार याच्या नावाचा आधारताल त्या काळाची साक्ष देतात.

१५६४ मध्ये अकबराचा सरदार आसफखान याने राज्यावर स्वारी केली. नर्रई येथील लढाईत वीरनारायण जखमी झाला आणि त्याला सुरक्षित स्थळी हलविण्यात आले. बाणांनी घायाळ झालेल्या राणीने २४ जून रोजी शत्रूच्या हाती पडण्याऐवजी स्वतःचे प्राण घेतले. त्यानंतर लवकरच चौरागडाचे रक्षण करताना वीरनारायणही मारला गेला. दलपतशाहचा थेट वंश येथे खुंटला. पुढे अकबराने दहा गड स्वतःकडे घेऊन दलपतशाहचा भाऊ चंद्रशाह याला गादीवर बसविले.

हे दोन मृत्यू टळले असते तर? मोगलांची स्वारी टळली असती, असे म्हणणे कठीण आहे. माळवा १५६१ मध्ये, तर चितोड १५६८ मध्ये अकबराकडे गेले. गढा-मंडल्याची संपत्ती आणि तेथील हत्ती यांचे आकर्षणही कायम राहिले असते. मात्र दलपतशाह दीर्घायुषी ठरला असता, तर दुर्गावतीचे नाव कदाचित केवळ वंशावळीतच उरले असते.

वीरनारायणाच्या बाबतीत शक्यता अधिक ठोस आहे. चंद्रशाहशी झालेल्या तडजोडीवरून गोंड राजवट समूळ नष्ट करण्याचा अकबराचा आग्रह नव्हता, हे दिसते. आमेरच्या राजाने १५६२ मध्येच मोगलांशी संबंध जोडले होते. त्यामुळे विशीतील वीरनारायण वाचला असता, तर तडजोडीची तीच वाट त्याच्यासमोरही खुली होती. तथापि, आईच्या मृत्यूनंतर त्याने ती स्वीकारली असती का, याचे उत्तर इतिहास देत नाही.

पुढील इतिहास चंद्रशाहच्या शाखेने घडविला. १७४२ मध्ये नानासाहेब पेशव्यांच्या मंडल्यावरील स्वारीत राजा महाराजशाह मारला गेला. १७८१ मध्ये सागरच्या मराठ्यांनी हे राज्य संपुष्टात आणले. याच राजघराण्यातील शंकरशाह आणि त्यांचे पुत्र रघुनाथशाह यांना इंग्रजांनी १८ सप्टेंबर १८५७ रोजी जबलपुरात तोफेच्या तोंडी दिले. वीरनारायणाचा वंश टिकला असता, तर कदाचित ही नावेही इतिहासात आली नसती.

जबलपूर विद्यापीठाला १९८३ मध्ये राणी दुर्गावतीचे नाव देण्यात आले. २४ जून हा दिवस तिचा बलिदान दिन म्हणून पाळला जातो.