फॅनबेल्टने खाल्लेली ताकद

गाडीचा जोर वाढवण्याच्या हौशी उपायांत एक उपाय पुलीचा आहे. इंजिनाच्या क्रँकशाफ्टच्या पुढच्या टोकावरची पुली काढायची आणि तिच्या जागी लहान पुली बसवायची. मग पट्ट्यावर चालणारे वॉटर पंप, अल्टरनेटर, पॉवर स्टिअरिंगचा पंप आणि एसीचा कॉम्प्रेसर सावकाश फिरतात, इंजिनाची तेवढी ताकद वाचते आणि ती चाकांना मिळते. सुट्या भागांच्या बाजारात या पुलीला ‘अंडरड्राइव्ह पुली’ म्हणतात. कागदावर हा हिशेब बरोबर आहे. तरीही बहुतेक गाड्यांना तो परवडत नाही असे माझे मत आहे, आणि त्याचा पुरावा शोधायला शर्यतीच्या मैदानावर जायची गरज नाही. गेल्या शतकात नगरला, म्हणजे आजच्या अहिल्यानगरला, जी इंजिने आली त्यांचा इतिहास पुरेसा आहे.

हे शहर इंजिनांचे झाले ते लष्करामुळे. हिंदुस्थानी घोडदळाच्या पहिल्या पलटणींचे घोडे १९३८ मध्ये गेले आणि गाड्या आल्या, १ मे १९४१ रोजी ‘इंडियन आर्मर्ड कोअर’ हे नाव मिळाले, आणि १९४८ मध्ये नगरला आर्मर्ड कोअर सेंटर अँड स्कूल उभे राहिले. फाळणीआधी चकलाला येथे असलेली लष्करी वाहनांची तांत्रिक संस्थाही इकडे आली. तिचाच वारसा सांगणारी व्हीआरडीई आज नगरला आहे, आणि केंद्रीय मोटार वाहन नियमांच्या १२६ व्या नियमानुसार नव्या गाड्या तपासून प्रमाणित करणाऱ्या संस्थांत तिचे नाव आहे. पुढे १९७२ मध्ये याच शहरातून कायनेटिकची लूना बाहेर पडली. लूनाला ना रेडिएटर, ना वॉटर पंप, ना फॅनबेल्ट. समोरून येणारा वारा तिचे इंजिन थंड करी. त्यामुळे तिच्यापुरता आपला प्रश्न उद्भवतच नाही. पण इंजिन मोठे झाले, ओझे वाढले आणि नगरचा एप्रिल-मे सुरू झाला, की केवळ वाऱ्यावर भागत नाही.

१९९४ मध्ये सुरू झालेल्या नगरच्या कॅव्हलरी टँक म्युझियममध्ये सेंचुरियन आणि पॅटन हे दोन रणगाडे बघायला मिळतात. सेंचुरियनचे मिटिअर इंजिन म्हणजे स्पिटफायर विमानाच्या मर्लिन इंजिनाचेच भावंड. सुरुवातीचे मर्लिन हजाराच्या वर अश्वशक्ती देई. सेंचुरियनमध्ये आकडा ६५० च्या आसपास आला. या घसरणीचे मुख्य कारण सुपरचार्जर काढला हे होते, पण दुसरा फरकही लक्षात घ्यायला हवा. विमानात रेडिएटरला ताशी पाचशे किलोमीटरचा वारा फुकट मिळतो. रणगाड्यात तो वारा पंख्यांनी तयार करावा लागतो आणि पंखे इंजिनाला फिरवावे लागतात. एम-४७ पॅटनचे कॉन्टिनेंटल इंजिन तर हवेनेच थंड होणारे, म्हणून त्याच्या डोक्यावर दोन मोठे पंखे आहेत. त्याची ८१० अश्वशक्ती सांगितली जाते, पण तो ढोबळ आकडा. पंख्यांचा वाटा वजा केल्यावर उरते तीच रणगाड्याला पुढे नेणारी ताकद. सुपरचार्जरचे उदाहरण तर याहून बोलके आहे. तोही क्रँकवरून फिरणारा, इंजिनाची शेकडो अश्वशक्ती खाणारा भाग. आणि तरीही खाल्ल्यापेक्षा कितीतरी जास्त परत देणारा. इंजिनाकडून जो ताकद घेतो तो फुकट खाऊ, हे गृहीतक इथेच डळमळते.

मोटारींच्या जाहिरातींनी मात्र हे गृहीतक बरीच वर्षे जोपासले. अमेरिकेत १९७१ पर्यंत इंजिनाची ताकद पंखा, अल्टरनेटर, एअर फिल्टर, सायलेन्सर यांचे ओझे वगळून मोजली जाई. पुढे निव्वळ आकडा देण्याची पद्धत आली, आणि कॅडिलॅक एल्डोराडोचे ८.२ लिटरचे इंजिन ३६५ वरून २३५ वर आले. पुली विकणारा या फरकाकडे बोट दाखवून म्हणतो, बघा, केवढी ताकद वाया जाते! पण त्यातला मोठा भाग सायलेन्सर आणि एअर फिल्टरच्या वाटेने जातो, तिथे पुलीचा हात पोचत नाही. पुलीच्या वाट्याला येते ती पट्ट्यावरची ताकद, आणि तीही सगळी नाही.

पट्ट्यावरच्या प्रत्येक भागाचा हिशेब वेगळा निघतो. पंखा आणि पंप यांची भूक वेगाच्या घनाच्या पटीत वाढते. वेग २५ टक्क्यांनी कमी केला, तर त्यांना आधीच्या ४२ टक्केच ताकद लागते. वाचणारी ५८ टक्के ताकद ऐकायला मोहक वाटते. पण त्याच पंपाचा दाब वेगाच्या वर्गाने घटतो, म्हणजे ५६ टक्क्यांवर येतो. राहुरी-श्रीरामपूर भागातल्या ज्या शेतकऱ्याने ऑइल इंजिनावर पट्ट्याने पंप चालवला असेल, त्याला हे गणित न मांडताही ठाऊक असते: इंजिनाकडची पुली लहान बसली तर इंजिनाला हलके वाटते, डिझेल कमी लागते, आणि विहिरीचे पाणी पाटात पोचत नाही. गाडीत ही उणीव लगेच दिसत नाही, कारण मोकळ्या रस्त्यावर रेडिएटरला समोरून वारा मिळत असतो. ती दिसते संगमनेरजवळच्या चंदनापुरी घाटात किंवा छत्रपती संभाजीनगरच्या रस्त्यावरच्या इमामपूर घाटात, पुढे उसाचा ट्रक, मागे रांग आणि दुसरा गिअर अशा वेळी. तेव्हा इंजिनावर भार जास्त, गाडीचा वेग कमी, एसी चालू आणि वारा नाही. कारखान्यातल्या अभियंत्याने पुलीचा आकार ठरवला असतो तो नेमका अशा वेळेसाठी.

अल्टरनेटरच्या बाबतीत तर वाचवण्यासारखे फारसे काही नसते. त्याला किती ताकद लागेल हे मुख्यतः दिवे, पंखे आणि इंजिनाचे संगणक किती वीज मागतात यावर ठरते. १४ व्होल्टला ६० अँपिअर म्हणजे ८४० वॅट. अल्टरनेटरची कार्यक्षमता ६० टक्क्यांच्या आसपास धरली तर क्रँकला जवळपास दोन अश्वशक्ती द्यावी लागते. तो सावकाश फिरवला तर रेग्युलेटर त्याचे चुंबकीय क्षेत्र वाढवतो आणि तितकीच वीज काढून घेतो. बचत होते ती बेअरिंगच्या घर्षणाची आणि आतल्या हवेच्या रोधाची, म्हणजे किरकोळ. सिग्नलला गाडी थांबली की मात्र वेग इतका उतरतो की मागणी भागत नाही, आणि बॅटरी खाली जायला लागते.

पुलीच्या विरुद्धचा सर्वांत जुना पुरावाही याच म्युझियममध्ये आहे: रोल्स-रॉइस सिल्व्हर घोस्टच्या चासिसवरची चिलखती गाडी. सहा सिलिंडरचा लांब क्रँकशाफ्ट प्रत्येक स्फोटागणिक किंचित पिळला जातो आणि सुटतो. एका ठरावीक वेगाला ही पिळवट वाढत जाऊन शाफ्ट मोडू शकतो. सिल्व्हर घोस्टच्या आधीच्या तीस अश्वशक्तीच्या गाडीत हेन्री रॉइसला हा त्रास झाला होता. त्यातून त्याने क्रँकच्या पुढच्या टोकाला कंप शोषणारा डॅम्पर आणला; फ्रेडरिक लँचेस्टरनेही त्याच सुमारास तशी युक्ती काढली आणि श्रेयावरून दोघांत वाद झाला. आजच्या अनेक इंजिनांत हे काम क्रँकची पुलीच करते. मधला भाग आणि बाहेरची कडा यांच्यामध्ये रबराचा थर असतो, तोच डॅम्पर. बाजारातली हलकी, अॅल्युमिनियमची एकसंध पुली बसवणारा माणूस पट्ट्याचा वेग कमी करतो असे समजतो. प्रत्यक्षात तो शंभर वर्षांपूर्वी सुटलेला प्रश्न पुन्हा क्रँकवर आणून ठेवतो. ज्या इंजिनाचा डॅम्पर वेगळा आहे किंवा ज्याला त्याची गरज नाही, तिथे हा आक्षेप लागू नाही, पण हे आधी तपासणारे थोडेच.

मग शर्यतवाले ती का बसवतात? त्यांची कारणे खरी आहेत. शर्यतीत इंजिन सतत वरच्या वेगात असते. तिथे पंप इतका जोरात फिरतो की पाण्यात बुडबुडे होऊन त्याचेच काम बिघडते, आणि अल्टरनेटरचा वेग त्याच्या मर्यादेबाहेर जातो. लहान पुली तिथे त्या भागांना वाचवते, शिवाय एसी नसतो आणि मंद वेगात थांबणेही नसते. दुसरा युक्तिवाद डायनोचा: ताकद मोजणाऱ्या या यंत्रावर गाडी चढवली तर पुलीनंतर आकडा वाढलेला दिसतो. तोही खोटा नाही. पण डायनोवरची एक फेरी काही सेकंदांची, समोर मोठा पंखा लावलेला, आणि हलक्या पुलीमुळे वेग घेताना जडत्वाची जी बचत होते तीही त्या आकड्यात मिसळलेली. घाटातल्या दहा मिनिटांबद्दल तो आकडा काही सांगत नाही. शिवाय आपल्याकडे मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ आहे. कारखान्याच्या मूळ रचनेत फेरफार करण्यावर ते मर्यादा घालते, आणि सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये ते कडकपणे वाचले.

पट्ट्यावरची ताकद वाचवायची गरज मात्र खोटी नव्हती, आणि कारखान्यांनी ती ओळखली. त्यांनी सगळ्यांचा वेग सरसकट उतरवला नाही. ज्याला जेव्हा गरज असेल तेव्हाच तो फिरेल अशी सोय केली. गरम झाल्यावरच पकड घेणारा व्हिस्कस पंखा आला, मग विजेचा पंखा, मग विजेवरचे स्टिअरिंग. पुलीने वाचवण्यासारखी बहुतेक ताकद आजच्या मोटारीत कारखान्यानेच आधी वाचवलेली आहे. आणि २०१५ मध्ये मारुतीने सियाझमध्ये एसएचव्हीएस ही सौम्य हायब्रिड यंत्रणा आणल्यापासून काही गाड्यांत पट्ट्याची दिशाच उलटली. तिथे अल्टरनेटरच मोटार होतो, पट्ट्यावरून क्रँकला ढकलतो आणि सिग्नलला बंद पडलेले इंजिन पुन्हा सुरू करतो. अशा गाडीत क्रँकची पुली लहान केली, तर त्या मोटारीकडून क्रँकला मिळणारा पीळ त्याच प्रमाणात घटतो.