कोबाल्टजन्य हृद्‌स्नायुविकार

कोबाल्ट या जड धातूची संयुगे पोटात गेल्याने, किंवा शरीरात बसवलेल्या कृत्रिम सांध्यातून धातू झिरपल्याने, हृदयाचा स्नायू दुबळा होऊन हृदय पसरण्याचा विकार. शिसे, आर्सेनिक, कॅडमियम यांचा हृदयविकाराशी असलेला संबंध बहुतांशी रोहिण्यांमार्फत आणि वर्षानुवर्षांच्या संपर्काने येतो. कोबाल्ट मात्र थेट स्नायूला धरतो, तेही कधीकधी काही आठवड्यांत.

क्वेबेकची साथ : कॅनडातील क्वेबेक शहरात ऑगस्ट १९६५ ते एप्रिल १९६६ या काळात ४८ जणांना अचानक धाप, पोटदुखी, उलट्या, यकृतवृद्धी व त्वचेवर निळसर-करडी झाक अशी लक्षणे दिसली, त्यांपैकी २० दगावले. बहुतेक पुरुष होते आणि दररोज कित्येक लिटर बिअर पिणारे. हृद्‌रोगतज्ज्ञ इव्ह मोरँ यांनी या रुग्णांचा अभ्यास केला. कृत्रिम धुलाईद्रव्याने धुतलेल्या पेल्यांत बिअरचा फेस टिकत नसे, म्हणून बिअर बनवणारे तीत कोबाल्ट सल्फेट मिसळू लागले होते. क्वेबेकमध्ये ते मिसळणे सुरू झाल्यावर महिन्याभरातच पहिला रुग्ण आला. तेथील बिअर बनवणाऱ्या डाऊ कंपनीने १९६६ मध्ये शिल्लक बिअर ओतून टाकली. खप मात्र पुन्हा सावरला नाही. ओमाहा व मिनीॲपोलिस (अमेरिका) आणि लूव्हेन (बेल्जियम) येथेही असे रुग्ण आढळले.

विकृती : निदानाचा धागा शवपरीक्षेत हाती लागला, हे आवर्जून नोंदवायला हवे. हृदयाच्या स्नायुपेशींत पोकळ्या पडलेल्या व तंतू तुटलेले होते, हृदयावरणात पाणी साचले होते. पण हे बदल एकट्या कोबाल्टचे म्हणून ओळखू येण्याजोगे नव्हते. संशय बळावला तो अवटू ग्रंथीमुळे. पंडुरोगावर कोबाल्ट दिलेल्या मुलांना गलगंड होतो हे आधीच ठाऊक होते, आणि इथेही ग्रंथी बदललेली दिसली. रक्तातील तांबड्या पेशी वाढलेल्या होत्या, तीही कोबाल्टचीच खूण. पायरुव्हेट व आल्फा-कीटोग्लुटारेट यांचे ज्वलन करणारी विकरे कोबाल्टमुळे अडतात, त्यामुळे स्नायूला ऊर्जा कमी पडते.

मतभेद : पंडुरोगाच्या उपचारात कोबाल्ट बिअरमधल्यापेक्षा बऱ्याच मोठ्या मात्रेत दिला जाई, तरी त्या रुग्णांत असे हृदयविकार सहसा दिसले नाहीत. म्हणून प्रथिनांची व थायामिनची उणीव आणि दारू यांच्या जोडीनेच तो घातक ठरला असावा, असे मानतात. कशाचा वाटा किती, याबाबत एकमत नाही.

अलीकडील रूप : कोबाल्ट-क्रोमियमच्या, धातूवर धातू घासणाऱ्या कृत्रिम खुब्यांमुळे हा विकार पुन्हा चर्चेत आला. अशांपैकी एएसआर हा खुबा २०१० मध्ये जगभरातून परत मागवला गेला. भारतातही तो बसवलेला होता.

उपचार : कोबाल्टचा स्रोत बंद करणे. खुबा बदलल्यावर काहींचे हृदय सुधारल्याच्या नोंदी आहेत.