दुसरा बाँड: शॉन कॉनरीच्या पुनरागमनाचा इतिहास

‘नेव्हर से नेव्हर अगेन’ हा चित्रपट ७ ऑक्टोबर १९८३ रोजी अमेरिकेत प्रदर्शित झाला आणि शॉन कॉनरी बारा वर्षांनंतर पुन्हा जेम्स बाँडच्या भूमिकेत दिसला. तेव्हा तो ५३ वर्षांचा होता. बाँडपटांची मुख्य मालिका इऑन प्रॉडक्शन्स या कंपनीकडे होती आणि तिचा बाँड होता रॉजर मूर. कॉनरीचा चित्रपट या मालिकेबाहेरचा. एकाच वर्षी, एकाच नायकाचे, दोन वेगवेगळ्या निर्मात्यांचे चित्रपट पडद्यावर येऊ शकले, याचे मूळ वीस वर्षांपूर्वी लंडनच्या कोर्टात झालेल्या एका तडजोडीत होते.

बाँडचा जनक इयन फ्लेमिंग याची पहिली बाँड कादंबरी ‘कॅसिनो रॉयाल’ १९५३ साली प्रसिद्ध झाली. त्या दशकाच्या अखेरीस बाँडवर थेट पडद्यासाठीच नवी कथा रचण्याचा घाट घातला गेला. आयरिश निर्माता केव्हिन मॅक्लोरी, पटकथाकार जॅक व्हिटिंगहॅम आणि फ्लेमिंग यांच्या चर्चांतून अणुबाँब पळवून खंडणी मागणाऱ्या गुन्हेगारी संघटनेची कथा आकाराला आली, पण चित्रपट काही उभा राहिला नाही. फ्लेमिंगने हीच कथा वापरून १९६१ मध्ये ‘थंडरबॉल’ ही कादंबरी काढली आणि तिच्यावर एकट्याचे नाव घातले. मॅक्लोरी आणि व्हिटिंगहॅम यांनी दावा लावला. नोव्हेंबर १९६३ मध्ये सुनावणी सुरू झाली आणि निकाल लागण्याआधीच तडजोड झाली. त्यानुसार कथेचे चित्रपट हक्क मॅक्लोरीला मिळाले आणि कादंबरीच्या पुढील आवृत्त्यांत तिघांच्या मसुद्याचा उल्लेख करण्याचे ठरले. पुढच्याच वर्षी, ऑगस्ट १९६४ मध्ये, फ्लेमिंग हृदयविकाराने वारला.

दरम्यान अल्बर्ट ब्रोकोली आणि हॅरी सॉल्ट्झमन या इऑनच्या निर्मात्यांनी १९६२ मध्ये ‘डॉ. नो’ काढून मालिका सुरू केली होती. एडिनबरोच्या कामगारवस्तीत वाढलेला, कधीकाळी घरोघर दूध पोहोचवणारा आणि शरीरसौष्ठव स्पर्धेत उतरलेला कॉनरी या चित्रपटाने जगभर पोहोचला. मॅक्लोरीने स्वतंत्र बाँडपट काढला असता तर इऑनला घरातच प्रतिस्पर्धी उभा राहिला असता. म्हणून निर्मात्यांनी त्यालाच सोबत घेतले. १९६५ च्या ‘थंडरबॉल’वर निर्माता म्हणून मॅक्लोरीचे नाव आले. त्याबदल्यात पुढची दहा वर्षे या कथेवर दुसरा चित्रपट न काढण्याचे त्याने मान्य केले. मुदत संपल्यावर काय, हा प्रश्न तसाच राहिला.

कॉनरी तोवर या भूमिकेला विटला होता. मानधनावरून निर्मात्यांशी त्याचे बिनसले होते आणि ‘यू ओन्ली लिव्ह ट्वाइस’च्या वेळी जपानमध्ये छायाचित्रकारांच्या ससेमिऱ्याने तो हैराण झाला. १९६७ मध्ये त्याने भूमिका सोडली. १९६९ चा चित्रपट जॉर्ज लेझन्बीने केला. १९७१ च्या ‘डायमंड्स आर फॉरेव्हर’साठी वितरक कंपनीने कॉनरीला साडेबारा लाख डॉलर देऊन परत आणले. ही रक्कम त्याने स्कॉटलंडमधील एका शिक्षणविषयक न्यासाला दिली. त्यानंतर मात्र बाँड पुन्हा करायचा नाही, असे त्याने ठरवले आणि १९७३ पासून मूर बाँड झाला.

दहा वर्षांची मुदत सरताच मॅक्लोरी कामाला लागला. १९७६ च्या सुमारास त्याने हेरकथालेखक लेन डेटन आणि खुद्द कॉनरी यांच्यासोबत ‘वॉरहेड’ नावाची पटकथा लिहिली. कॉनरी आधी केवळ लेखनापुरताच यात होता. कायदेशीर हरकतींमुळे ही पटकथा बारगळली. पुढे जॅक श्वार्ट्झमन या वकिलीतून निर्मितीकडे वळलेल्या गृहस्थाने मॅक्लोरीकडून हक्क घेतले आणि कोर्टात टिकेल अशी आखणी केली: चित्रपट ‘थंडरबॉल’च्या कथेवरच बेतायचा, तिच्या बाहेर जायचे नाही. कॉनरीला सुमारे तीस लाख डॉलर आणि पटकथा, दिग्दर्शक व नटसंच यांच्या निवडीत अधिकार मिळाला. चित्रपटाचे नाव त्याची पत्नी मिशेलिन हिने सुचवले. बाँड पुन्हा कधीच करणार नाही, या नवऱ्याच्या जुन्या घोषणेला मारलेला तो टोमणा होता आणि श्रेयनामावलीत त्याचे श्रेय तिला दिले गेले.

दिग्दर्शन आयर्व्हिन कर्शनरकडे आले. चित्रीकरण सप्टेंबर १९८२ मध्ये फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर सुरू झाले आणि बहामा व इंग्लंडमध्येही झाले. हक्कांची मर्यादा पडद्यावर जागोजागी जाणवते. बंदुकीच्या नळीतून दिसणारा बाँड आणि माँटी नॉर्मनच्या नावावरची प्रसिद्ध धून ही इऑनची मिळकत. त्यामुळे दोन्ही इथे नाहीत. संगीत मिशेल लग्रांने दिले. बाँडचा साहेब एम आणि कार्यालयातले क्यू व मनीपेनी ही पात्रे होती, पण नट नवे.

मालिकेच्या या खुणा हाताशी नसताना लेखकांनी नायकाच्या वयालाच कथेचा विषय केले. लोरेंझो सेंपल याच्या पटकथेवर डिक क्लेमंट आणि इयन ला फ्रेने या विनोदी लेखकांनी, श्रेय न घेता, बरेच संस्कार केले. चित्रपटाची सुरुवात एका मोहिमेने होते. बाँड ओलीस मुलीची सुटका करतो आणि तीच त्याला भोसकते. मग कळते की हा केवळ सराव होता आणि बाँड त्यात नापास झाला. नवा साहेब एम त्याच्या खाण्यापिण्यावर ताशेरे ओढतो आणि शरीरशुद्धीसाठी त्याला श्रबलँड्स या आरोग्यधामात धाडतो. बाँडच्या बॅगेतून मात्र कॅव्हिआर, लाव्याची अंडी आणि व्होडका निघते. तिथेच एक धिप्पाड मारेकरी त्याच्या अंगावर येतो. खोल्या, स्वयंपाकघर असे करत मारामारी प्रयोगशाळेत पोहोचते. दमलेला बाँड हाताला लागलेल्या काचपात्रातला द्रव त्याच्या तोंडावर फेकतो, तो कळवळून मागे कोसळतो आणि मरतो. पात्रावरची चिठ्ठी सांगते की तो बाँडच्याच लघवीचा नमुना होता.

श्रबलँड्स फ्लेमिंगच्या कादंबरीतही आहे आणि १९६५ च्या चित्रपटातही. पस्तिशीच्या कॉनरीसाठी ती कथेच्या वाटेवरची एक जागा होती. चित्रीकरणावेळी बावन्न वर्षांच्या असलेल्या कॉनरीच्या बाँडला तिथे पाठवणे हा नोकरीतून बाद होण्याआधीचा इशारा ठरतो. जुन्या कथेला चिकटून राहण्याच्या सक्तीचा असा उपयोग झाला. मूर वयाने कॉनरीपेक्षा जवळजवळ तीन वर्षांनी मोठा होता, तरी त्याच्या चित्रपटांनी बाँडच्या वयाला असे कथेच्या मध्यभागी आणले नव्हते.

इऑनचा ‘ऑक्टोपसी’ त्याच वर्षी जूनमध्ये आला. त्याचा मोठा भाग उदयपूरला चित्रित झाला होता आणि त्यात कबीर बेदी व टेनिसपटू विजय अमृतराज होते. मूर थांबण्याच्या विचारात असल्याने जेम्स ब्रोलिन या अमेरिकी नटाची चाचणी घेण्यात आली होती. पण समोर कॉनरी येणार म्हटल्यावर इऑनने नवख्यावर डाव लावला नाही. ‘ऑक्टोपसी’ने जगभरात सुमारे १८.७५ कोटी डॉलर मिळवले, कॉनरीच्या चित्रपटाने सुमारे १६ कोटी. जुना चेहरा प्रेक्षकांना खेचत होता, तसा मालिकेचा शिक्काही. दोन्ही चित्रपट चालले.

कॉनरीने त्यानंतर बाँडपट केला नाही. निर्मितीतल्या अडचणींनी तो त्रासला होता. मात्र वय न लपवण्याची जी वाट इथे सापडली, ती पुढे ‘द नेम ऑफ द रोझ’ आणि ‘द अनटचेबल्स’मध्ये रुंदावली. ‘द अनटचेबल्स’मधील मुरलेल्या पोलिसाच्या भूमिकेसाठी त्याला १९८८ मध्ये ऑस्कर मिळाले.

मॅक्लोरीने हीच कथा पुन्हा पडद्यावर आणण्याची खटपट सोडली नाही. नव्वदच्या दशकात सोनी कंपनी त्याच्या मागे उभी राहिली, पण १९९९ च्या तडजोडीत तिने माघार घेतली आणि २००१ मध्ये अमेरिकी अपील न्यायालयात मॅक्लोरी हरला. २००६ मध्ये त्याचे निधन झाले. ‘नेव्हर से नेव्हर अगेन’चे हक्क १९९७ मध्येच एमजीएम स्टुडिओने घेतले होते. २०१३ मध्ये मॅक्लोरीच्या वारसांकडील उरलेले हक्कही एमजीएम आणि इऑनच्या मालक कंपनीने विकत घेतले. अर्धशतकाचा वाद मिटला आणि या वादातल्या कथेशी जोडलेला खलनायक ब्लोफेल्ड व त्याची गुन्हेगारी संघटना स्पेक्टर २०१५ च्या ‘स्पेक्टर’ या चित्रपटातून मुख्य मालिकेत उघडपणे परतली.