‘स्त्रीपुरुषतुलना’ आणि तिचे वाचक

सन १८८१ च्या उन्हाळ्यांत मुंबई इलाख्यांतील वृत्तपत्रांना एका खटल्यानें पुष्कळ मजकूर पुरविला. सुरतेकडील विजयालक्ष्मी नांवाच्या एका तरुण ब्राह्मण विधवेनें लोकापवादाच्या भीतीनें आपल्या नवजात अर्भकाचा जीव घेतला, असा तिच्यावर आरोप होता. सेशन्स कोर्टानें तिला फांशीची शिक्षा सांगितली. अपिलांत ती बदलून जन्मठेपेचें काळें पाणी झालें, व पुढें सरकारनें तेंही कमी करून पांच वर्षांवर आणिलें. खटला चालला तो आईवर. अर्भकाला बापही होता हें कोणी नाकारलें नसतें. पण त्याला जाब विचारणारें कलम दंडविधानांत नव्हतें.

खटल्याच्या निमित्तानें पुण्याच्या ‘पुणे वैभव’ पत्रानें एक लेख लिहून एकंदर स्त्रीजातीच्या स्वैर वर्तनावर तोंडसुख घेतलें. हें पत्र जुन्या मताचें. एका बाईच्या अपराधावरून सगळ्या बायकांची परीक्षा करावयाची, हा प्रकार त्या काळीं नवा नव्हता व आजही अगदींच विसरला गेला आहे असें म्हणवत नाहीं. नवें होतें तें त्याला आलेलें उत्तर.

तें उत्तर वऱ्हाडांतील बुलढाण्याहून आलें. तेथील सरकारी कचेरींत हेडक्लार्क असलेले बापूजी हरि शिंदे हे जोतीराव फुले यांच्या सत्यशोधक समाजाचे सभासद होते. त्यांनीं आपली कन्या ताराबाई हिला मराठी, संस्कृत व इंग्रजी शिकविलें होतें. मराठा घराण्यांतील पडदा, घराची चौकट आणि हातीं येतील तीं पुस्तकें व वर्तमानपत्रें, एवढेंच ताराबाईंचें जग. पण वाचणारा मनुष्य चौकटींत राहिला तरी त्याचें मन राहतेंच असें नाहीं. ‘स्त्रीपुरुषतुलना’ हा त्यांचा निबंध १८८२ सालीं पुण्याच्या श्रीशिवाजी छापखान्यांत छापून निघाला. प्रती पांचशें आणि किंमत नऊ आणे.

हें पुस्तक एका वाचकाचें मत म्हणूनच जन्मास आलें, ही गोष्ट ध्यानांत घेण्याजोगी आहे. ताराबाई ना वकील, ना संपादक, ना सभांतून बोलणाऱ्या. गुन्ह्याची हकीकत आणि तिच्यावरील टीका त्यांनीं वाचली, आणि ती सहन न होऊन लेखणी उचलली. म्हणून निबंधाला प्रकरणें नाहींत, विद्वानांचे दाखले मांडण्याची ऐट नाहीं. घरांतील बाई दारांत उभी राहून भांडावी तशी भाषा सलग धांवते. म्हणी येतात, टोमणे येतात, मध्येंच करुणेनें स्वर ओलावतो. समोर पुरुषवर्ग आहे असें समजून त्या थेट त्यालाच विचारतात: कपट, साहस, चंचलता हे जे दोष बायकांच्या माथीं मारले जातात, त्यांपैकीं तुमच्यांत कोणता नाहीं? बायको मेल्यावर दुसरी करावयास तुम्हांला किती दिवस लागतात? नवऱ्याच्या प्राणासाठीं सावित्री यमाच्या मागें गेली. बायकोसाठीं त्या वाटेनें चार पावलें टाकलेला एक तरी नवरा दाखवा. धर्म बुडाला म्हणून ओरडणारे विलायती रीतीभाती उचलतांना धर्म कोठें ठेवितात, हेंही त्या विचारावयास चुकत नाहींत.

विशेष म्हणजे त्यांचा रोख केवळ ब्राह्मणांवर नव्हता. विधवेला पुन्हां संसार न करूं देण्याची चाल ज्या इतर जातींनीं प्रतिष्ठेसाठीं उचलली, त्यांनाही त्यांनीं सोडलें नाहीं. विधवाविवाहाचा कायदा १८५६ सालींच झाला होता; पण पंचवीस वर्षांत समाजानें त्याचा उपयोग फारसा केला नव्हता. सुधारणेवर भाषणें करून घरीं जुनेंच चालविणारे सुधारकही त्यांच्या तडाख्यांतून सुटले नाहींत.

अशा पुस्तकाला मित्र थोडेच मिळावयाचे. जुन्या मताच्या लोकांना तें आवडणें शक्य नव्हतें. पण ज्या सत्यशोधक मंडळींत ताराबाईंचे वडील वावरत, त्यांतल्याही एका पत्रकर्त्यानें तिची हेटाळणी केली. तेव्हां जोतीराव स्वतः पुढें झाले. १८८५ च्या ऑक्टोबरांत निघालेल्या ‘सत्सार’च्या दुसऱ्या अंकांत त्यांनीं ताराबाईंना कन्येप्रमाणें मानून त्यांची बाजू घेतली व टीका करणाऱ्या आपल्याच मनुष्याला खडसावलें. जोतीरावांना या विषयाचें दुःख पुस्तकांतून कळलेलें नव्हतें. पूर्वीं काशीबाई नांवाच्या एका विधवेला अशाच गुन्ह्यासाठीं काळ्या पाण्यावर जावें लागलें, तें पाहून त्यांनीं १८६३ मध्यें पुण्यास आपल्या घरीं बालहत्याप्रतिबंधक गृह उघडलें होतें. तेथेंच जन्मलेला एका ब्राह्मण विधवेचा मुलगा त्यांनीं दत्तक घेतला होता.

स्वकीयांच्या भीरुतेचा अनुभव त्यांना स्वतःलाही होता. ‘शेतकऱ्याचा असूड’ हें त्यांचें पुस्तक १८८३ सालीं तयार झालें. त्याचीं पहिलीं दोन प्रकरणें नारायण मेघाजी लोखंडे यांच्या ‘दीनबंधु’ पत्रानें छापलीं आणि पुढचीं छापलीं नाहींत. लोखंडे हे गिरणी कामगारांसाठीं झगडणारे गृहस्थ होते, भित्रे म्हणून कोणी त्यांना ओळखीत नाहीं. तरी त्यांचाही हात आखडला. राज्यकर्त्यांवर व भटशाहीवर एकाच दमांत कोरडे ओढणारें पुस्तक छापणें म्हणजे काय, याचा अंदाज यावरून येतो. जोतीरावांच्या मागें निदान अनुयायी होते. बुलढाण्याच्या बाईमागें कोण होतें?

ताराबाईंचें दुसरें पुस्तक निघालें नाहीं. पांचशें प्रतींपैकीं किती विकल्या, किती रद्दींत गेल्या, कोण जाणे. १८८२ नंतरच्या मराठी निबंधवाङ्मयाच्या चर्चेंत या पुस्तकाचें नांव जवळजवळ येत नाहीं. आणि त्याच काळांत चिपळूणकरांची ‘निबंधमाला’ मात्र पिढ्यान् पिढ्या शाळांतून शैलीचा नमुना म्हणून वाचली गेली. वाङ्मयाचे इतिहास लिहिणारेही शेवटीं वाचकच असतात, आणि त्यांच्या मौनालाही मतच म्हणावें लागतें.

तें मौन त्र्याण्णव वर्षें टिकलें. १९७५ सालीं स. गं. मालशे यांनीं मूळ पुस्तक शोधून प्रस्तावनेसह पुन्हां छापविलें. १९९१ मध्यें त्याचे कांहीं भाग भारतीय स्त्रियांच्या लेखनाच्या एका मोठ्या इंग्रजी संग्रहांत आले, आणि १९९४ मध्यें रोझालिंड ओ’हॅन्लन यांनीं सबंध पुस्तकाचा इंग्रजी अनुवाद दीर्घ विवेचनासह प्रसिद्ध केला. आतां विद्यापीठांतून तें नेमलें जातें. ‘पुणे वैभव’चा तो लेख आज कोणी धुंडाळला, तर ताराबाईंनीं कशाला उत्तर दिलें हें पाहण्यासाठींच धुंडाळतो.