कोवळी पानगळ : एका शब्दाचा इतिहास

रायगडच्या किनाऱ्यावर बोर्ली पंचतनमध्ये, किंवा तिथल्या एखाद्या वाडीवर मूल जन्मले, की आशा कार्यकर्तीने त्या घरी नेमलेल्या दिवशी जावे असा दंडक आहे. प्रसूती दवाखान्यात झाली असेल तर ३, ७, १४, २१, २८ आणि ४२ व्या दिवशी. घरीच झाली असेल तर पहिल्या दिवशीही. बाळाचे वजन करणे, अंगाचा ताप पाहणे, ते दूध नीट ओढते का हे आईला विचारणे, ही तिची कामे. नवजात बाळाची घरोघरी काळजी घेण्याचा हा कार्यक्रम २०११ मध्ये देशभर लागू झाला. त्याचे मूळ मात्र राज्याच्या दुसऱ्या टोकाला, गडचिरोलीत आहे. तेथून तो इथवर कसा आला, हा आरोग्यशास्त्राचा विषय खराच. पण त्यात भाषेचा वाटा किती होता, हे साहित्याच्या अभ्यासकांनी पाहावे असे आम्हांला वाटते.

डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने १९८० च्या दशकात गडचिरोलीत काम सुरू केले. त्या कामाची सुरुवात ऐकण्यापासून झाली. दोन खेड्यांतील स्त्रियांच्या तपासणीत ९२ टक्के स्त्रियांना कोणता ना कोणता स्त्रीरोग असल्याचे दिसले. हा अभ्यास १९८९ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात प्रसिद्ध झाला. दुखणे अंगावर काढण्याची रीत इतकी मुरलेली होती, की त्याविषयी कोणी बोलत नव्हते. राणी बंग यांनी ग्रामीण स्त्रियांच्या आरोग्यविषयक समजुतींचा जो वेध पुढे पुस्तकरूपाने घेतला, त्याचे नाव ‘कानोसा’ असावे हे अर्थपूर्ण आहे.

नवजात बालकांच्या बाबतीतही हेच घडले. बाळाच्या शरीरात जंतुदोष पसरला आहे, हे प्रयोगशाळेवाचून ओळखायचे कसे? गडचिरोलीत त्यासाठी सात लक्षणे निश्चित झाली. रडणे क्षीण होणे किंवा थांबणे, दूध ओढणे मंदावणे, हातपाय लुळे पडणे, अंग गार पडणे अथवा तापणे, छाती आत ओढली जाणे, उलट्या होणे किंवा पोट फुगणे, बेंबीत पू होणे. यांतील कोणतीही दोन एकदम दिसली तर उपचार सुरू करायचे. ही यादी पुन्हा वाचावी. तिच्यात आईला ठाऊक नाही असे काही नाही. आईचे निरीक्षण येथे निदानाचा पुरावा ठरले. हा बदल आम्हांला औषधाइतकाच महत्त्वाचा वाटतो.

३९ गावांत गावातल्याच शिकवून तयार केलेल्या स्त्रियांनी हे काम केले. तुलनेसाठी ४७ गावे होती. त्या ३९ गावांत हजार जिवंत जन्मांमागे ६२ असलेला नवजात मृत्युदर तीन वर्षांत २५ च्या आसपास आला, तर तुलनेच्या गावांत तो जवळजवळ होता तेथेच राहिला. हे निष्कर्ष १९९९ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले. परंतु इंग्रजी नियतकालिकातला पुरावा मुंबईच्या मंत्रालयाला आपोआप हलवीत नाही.

ते काम मराठी अहवालाने केले. राज्यातील १३ स्वयंसेवी संस्थांनी आपापल्या भागातील बालमृत्यू मोजले आणि २००१ मध्ये ‘कोवळी पानगळ’ हा अहवाल प्रसिद्ध केला. महाराष्ट्रात दरवर्षी सुमारे पावणेदोन लाख बालके दगावतात, असा त्यातला अंदाज होता. शासकीय नोंदींत यांतले कितीतरी मृत्यू उमटतच नव्हते. वृत्तपत्रांनी हा शब्द उचलला, चर्चा वाढली आणि २००३ मध्ये शासनाने बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. तिचे अध्यक्षपद अभय बंग यांच्याकडे आले.

या शीर्षकाकडे थोडे थांबून पाहू. पानगळ हा ऋतू आहे. त्याबद्दल कोणाला जाब विचारता येत नाही. म्हणून ही प्रतिमा धोक्याचीही आहे. मृत्यूला ऋतू म्हटले की तो निसर्गाचा होतो आणि जबाबदारी विरघळते. ‘कोवळी’ हे विशेषण नेमका हा मार्ग अडवते. झाडावरून गळते ते पिकले पान. कोवळे पान गळत असेल तर दोष ऋतूचा नाही. कीड आहे, पाणी तुटले आहे किंवा कोणी फांदी छाटली आहे. अहवालाचा सगळा युक्तिवाद त्या एका विशेषणात आहे. आकडा मोठा असूनही विसरला जातो. हा शब्द मात्र वीस वर्षांनंतरही बालमृत्यूच्या बातमीच्या मथळ्यात भेटतो. त्यात एक उणीवही आहे. वापरून वापरून तो गुळगुळीत झाला, आणि त्यामागची मोजणी वाचकाला आठवेनाशी झाली.

राहता राहिला प्रश्न बोर्ली पंचतनसारख्या गावांचा. वेळापत्रक तेथे पोहोचले, छापील तक्तेही पोहोचले. श्रीवर्धन तालुक्यात कोळी, आगरी, कोकणी मुसलमान अशा समाजांच्या बोली नांदतात. बाळ ‘बरे दिसत नाही’ हे त्या बोलींत आया कसे सांगतात, याचा कानोसा तक्त्याबरोबर येत नाही. तो ज्या त्या गावी नव्याने घ्यावा लागतो. कोकणातील बोलींचे शब्दसंग्रह करणाऱ्या विद्यार्थ्यांनी लग्नगीते आणि म्हणी यांच्या जोडीने दुखण्याचे शब्दही टिपले, तर ते काम आशाताईंच्या उपयोगी पडेल.